छत्तीस गुणसूत्रांची वेल

आमची प्रबंधाची विद्यार्थिनी जुरेमा, तिच्या वेलीची ती स्लाइड मीच केली होती, हे आधीच सांगून टाकते. मुळांची टोकं मी कापली, औषधात मी भिजवली, आणि काचेवर ठेवून अंगठ्याने दाबली तीही मीच. बावीस वर्षं मी या लॅबमध्ये हेच करते आहे. कृष्णकमळाच्या कुळातल्या वेली कुंड्यांत लावायच्या, सकाळी आठला नव्या मुळांची टोकं खुडायची आणि पेशींमधली गुणसूत्रं एकमेकांवर न चढता पसरतील अशी स्लाइड करायची. बाहिया राज्याच्या दक्षिण भागात माझ्याइतका शहाणा अंगठा दुसऱ्या कुणाचा नाही, असं प्रोफेसर आउरिनो पाहुण्यांना सांगतात. पगारवाढीच्या वेळी मात्र त्यांना तो अंगठा आठवत नाही.

आमच्याकडे सरबताला वापरतात त्या पिवळ्या माराकुजात, म्हणजे पॅशनफ्रूटच्या वेलीत, अठरा गुणसूत्रं असतात. त्याच्या रानटी बहिणीतही अठराच. बारीक फुलांच्या काही जातींत बारा. बावीस वर्षांत मी इतके अठरा मोजले आहेत की पसारा पाहूनच कळतं, मोजायची गरज पडत नाही.

त्या दिवशी जुरेमाने मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता मला हाक मारली. आमच्याकडे वडील बायकांना मानाने 'दोना' म्हणतात.

"दोना व्हाल, जरा येता का इकडे?"

"काय झालं?"

"मोजा. मी काही सांगत नाही."

मी मोजले. छत्तीस आले. पुन्हा मोजले, पुन्हा छत्तीसच.

प्रोफेसरांनी तीनदा मोजले, चष्मा पुसला आणि फक्त "आणखी स्लाइड करा" एवढंच म्हणाले. मी पाच केल्या. सगळीकडे छत्तीस. रानातल्या माराकुजात आपोआप दुप्पट झालेला संच आमच्या लॅबमध्ये कुणी कधी पाहिला नव्हता. जुरेमाच्या प्रबंधाला यापेक्षा मोठं काय मिळणार? ती दिवसभर हसत होती. प्रोफेसर हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत म्हणून मीही हसले नाही.

त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी एव्हेराल्दो नावाच्या एका विद्यार्थ्याने न पाहिलेल्या पेशींचे आकडे लिहिले होते. छापलेला लेख मागे घ्यावा लागला. प्रोफेसरांनी कुठे कुठे माफीची पत्रं पाठवली, त्यातली निम्मी मीच टपालात टाकली. तेव्हापासून त्यांना चांगली बातमी ऐकली की आधी घाम फुटतो. सर्दी लागावी तसा त्यांचा तो रोग मलाही लागला.

जुरेमा आतल्या कोरड्या मुलखातली, जेकिएच्या पुढची. बोलण्यात तिकडचा हेल. आम्ही किनाऱ्यावरची माणसं तिची चेष्टा करायचो, तीही उलट करायची. सुट्टीहून येताना आईने भाजलेले बिजू आणायची, टॅपिओकाच्या त्या घावनांचा पहिला वाटा मला असायचा. ही वेल तिने गावाजवळच्या दोना लिंदाउरा नावाच्या म्हातारीच्या कुंपणावरून आणली होती. काड्या तिने स्वतः कापल्या, स्वतः वाळूत लावल्या. म्हणजे कुंडीत मुळं फुटेपर्यंत ती वेल एकट्या जुरेमाच्या हातात होती.

हे माझ्या ध्यानात आलं ते अडीच महिन्यांनी, कोल्चिसीनची बाटली पाहिली तेव्हा.

कोल्चिसीन हे विष आहे. पेशी दुभंगायच्या बेतात असताना ते तिला अडवतं. गुणसूत्रं दुप्पट झालेली असतात, पण पेशी एकच राहते. अठराचे छत्तीस करायचे असतील तर बीज त्याच्या पाण्यात भिजवायचं, बस. आमच्याकडे त्याची बोटाएवढी तपकिरी बाटली कुलपात असते. कोणी किती घेतलं हे वहीत लिहावं लागतं. तपासणी यायची होती म्हणून मी कपाट आवरत होते. बाटली उचलली तर हलकी लागली. वजन केलं. निम्म्याहून जास्त भुकटी गायब. वहीतली शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, माझ्याच अक्षरातली.

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक प्रोफेसरांकडे, एक माझ्या ड्रॉवरमध्ये, पेन्सिलींच्या डब्यात. जुरेमा त्या डब्यातून रोज पेन्सिल घ्यायची.

मी कुणाला काही बोलले नाही. बाटली जागेवर ठेवली आणि पाहायला लागले. एकदा पाहायला लागलं की दिसायला काही कमी पडत नाही. जुरेमा स्वतःची वही पिशवीत घालून घरी नेऊ लागली होती. शनिवारी हरितगृहात येत होती, शनिवारी तिथे कुणी नसतं. माझ्या पावलांचा आवाज आला की फोनवरचं बोलणं आवरतं घ्यायची. कुंड्यांवरच्या पाट्या तिने नव्याने लिहिल्या होत्या. जुन्या पुसट झाल्या म्हणाली. झाल्याही असतील.

मग एका सकाळी हरितगृहाच्या मागच्या कोपऱ्यात, हिरव्या जाळीखाली झाकलेला एक ट्रे सापडला. त्यात माराकुजाची वीसेक रोपं होती. काहींची पानं जाड, सुरकुतलेली, गडद. दुपटीची रोपं लहानपणी अशीच दिसतात. ट्रेच्या काठावर पेन्सिलीने एकच अक्षर होतं, 'जु'.

मी जाळी बाजूला केली. दोन रोपांची मुळं खुडली, नेहमीच्या औषधात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, स्लाइड पाहिली. एकाच मुळात एका पेशीत अठरा, शेजारच्या पेशीत छत्तीस. निसर्ग असं अर्धवट काम करत नाही, बाटली करते.

संध्याकाळी जुरेमा हात धुवत होती. मी शेजारी उभी राहिले.

"शनिवारी बरीच येतेस हल्ली."

"शनिवारी मायक्रोस्कोप रिकामा असतो."

"आणि वही घरी नेतेस."

तिने नळ बंद केला. "दोना व्हाल, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय का?"

"मी माझ्या लॅबवर लक्ष ठेवते."

"तुमची लॅब. बरं. आणि वही का नेते सांगू? कारण कुणीतरी माझी पानं उलटून पाहतं. खूण म्हणून ठेवलेला कागद दुसऱ्याच पानावर असतो. मला वाटलं तुम्हीच असाल."

"मी तुझ्या वहीला हातही लावलेला नाही."

"मग बघा, आपण दोघी सारख्याच."

मी सरळ विचारलं, "त्या वेलीची आई कुठे आहे, जुरेमा?"

"दोना लिंदाउराच्या कुंपणावर. जेकिएहून उत्तरेला. जा की, बघून या. कॉफी चांगली करते म्हातारी, फक्त साखर घालू नका म्हणून आधीच सांगायचं."

इतक्या सहज सांगितलं की माझा संशय आणखी वाढला. खोटं बोलणाऱ्याकडेच पत्ता इतका तयार असतो, असं मला त्या वेळी वाटलं. आज लिहिताना वाटतं, खरं बोलणाऱ्याकडे तरी दुसरं काय असणार?

त्या शनिवारी मी सकाळच्या बसने निघाले. घरी सांगितलं, बहिणीकडे जाते. चार तास बस, पुढे एका दूधवाल्याच्या गाडीत मागे बसून तासभर. ओला वर्तमानपत्राचा कागद, चाकू आणि औषधाच्या दोन बाटल्या पिशवीत होत्या. कोकोच्या झाडांची सावली संपली, मग गवत संपलं, मग उरले काटे आणि पांढरी माती. जुरेमा या मातीतून आमच्यापर्यंत आली, हे मला अठ्ठेचाळीस महिन्यांत एकदाही नीट दिसलं नव्हतं.

दोना लिंदाउरा दारात बसून वाटाण्यांच्या शेंगा सोलत होती. सत्तरीच्या पुढची, पायात पुरुषाच्या चपला.

"कुठल्या तुम्ही?" तिने विचारलं. "पेन्शनच्या कचेरीतून?"

"नाही, विद्यापीठातून. माराकुजाची वेल पाहायला आले."

"तुम्हीही?"

मला वाटलं ती जुरेमाबद्दल बोलते आहे. "हो, जुरेमाने सांगितलं."

"जुरेमाचं सोडा, ती आमच्या गावची पोर. पण त्या वेलीत सोनं सापडलं की काय? सापडलं असेल तर आधी मला सांगा, कुंपण माझं आहे."

तिने मला मागे नेलं. उंबूच्या एका म्हाताऱ्या झाडावर ती वेल चढली होती. मी वेलीच्या बुंध्याभोवती हात लावून पाहिला. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकेनात. साल फाटलेली, राखाडी. वर जांभळी फुलं, नेहमीच्या रानमाराकुजापेक्षा दीडपट मोठी, आणि त्यांच्यात काळे भुंगे धडपडत होते.

"केव्हापासून आहे ही?" मी विचारलं.

"आपोआप आली. माझा नवरा पिवळा माराकुजा लावायचा, बाजारासाठी. दुष्काळात सगळा मेला. त्यानंतरच्या पावसात ही उगवली. नवरा म्हणाला, बघ, एक तरी राहिली. तो गेला त्याला आता नऊ वर्षं होतील. तेव्हा ही छपराएवढी होती."

नऊ वर्षांपूर्वी जुरेमा शाळेत होती. तिने कोल्चिसीनचं नावही ऐकलं नसेल. त्या उन्हात उभी राहून मी बुंध्याकडे पाहत राहिले. लाज वाटायला हवी होती, पण आधी डोक्यात दुसराच प्रश्न आला. ती जर नाही, तर बाटली कुणी रिकामी केली?

"खुर्ची आणू का?" म्हातारीने विचारलं. "तुमच्या त्या माणसालाही लागली होती."

"कुठला माणूस?"

"पांढऱ्या दाढीचा. महिना झाला असेल. विद्यापीठाची पांढरी गाडी घेऊन आला होता, एकटाच. गुडघे दुखतात म्हणाला. त्यानेही बुंधा धरून पाहिला, अगदी तुमच्यासारखाच. पोरीला सांगू नका म्हणाला. मी विचारलं, का? तर म्हणाला, तिला उगाच वाईट वाटेल."

कॉफीत साखर घालू नका असं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. तो पाक मी कसाबसा प्यायले, दोन काड्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या आणि परतीच्या बसमध्ये बसले. पांढरी दाढी आमच्या लॅबमध्ये एकाचीच होती, आणि कुलपाची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच; चार तास विचार करायला पुरेसे होते.

सोमवारी मी प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बावीस वर्षांत मी त्यांच्या खोलीचं दार कधी लावलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोल्चिसीन तुम्ही घेतलंत."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि मागचा ट्रे तुमचा. 'जु' म्हणजे जुरेमाचा नव्हे."

"जुरेमाच्या वेलीशी ताडून पाहायला," ते हळूच म्हणाले. "आपल्या साठ्यातलं साधं रानमाराकुजाचं बी होतं. मला बघायचं होतं की हे इथे, आपल्या लॅबमध्ये, गुपचूप करणं किती सोपं आहे."

"किती सोपं निघालं?"

"अर्धवट जमलं. काही पेशी दुप्पट, काही नाही."

"मी पाहिलंय. वहीत नोंद का केली नाहीत? आम्हाला तर एक कण सांडला तरी लिहायला लावता."

"लिहिलं असतं तर तिने वाचलं असतं."

"आणि तिची वही? तीही तुम्हीच चाळत होतात?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, पार्किंग होतं.

"व्हाल, एव्हेराल्दोही असाच हसतमुख होता," ते म्हणाले.

"महिन्यापूर्वी तुम्ही म्हातारीची वेल पाहिलीत. बुंधा धरलात. तेव्हाच कळलं असेल ना?"

"वेल जुनी आहे एवढं कळलं. कुंडीतली काडी तिचीच, हे कुठे कळलं? काडी तिने एकटीने आणली."

माझा राग तिथेच अडकला. कारण परवा बसमध्ये हाच विचार माझ्याही मनात आला होता, आणि म्हणूनच मी त्या दोन काड्या आणल्या होत्या. त्यांचा महिना आणि माझा शनिवार यांत फरक तो काय?

तीन आठवड्यांनी माझ्या काड्यांना मुळं फुटली. मी स्लाइड केल्या, प्रोफेसर आणि मी शेजारी बसून मोजल्या. साठ पेशी पाहिल्या. सगळ्यांत छत्तीस, एकही अठराची नाही.

जुरेमाला मी सांगणार, असं मीच म्हटलं. प्रोफेसर सांगतो म्हणाले होते, पण त्यांनी आधी गुडघ्यांची गोष्ट काढली असती. मी कॅन्टीनमधून दोन छोट्या कॉफ्या आणल्या आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. बाटली, ट्रे, बस, बुंधा. काही लपवलं नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "दोना लिंदाउराची तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे."

"मी इथे आले तेव्हा आईला घोर लागला होता. मी तिला म्हटलं, तिथे दोना व्हाल आहेत, काळजी करू नकोस." तिने कप सरकवला. कॉफी तशीच होती. "प्रोफेसरांचं मला काही वाटत नाही. ते सगळ्यांशी तसेच आहेत."

"जुरेमा, चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली आणि कामाला गेली.

पुढचे दोन महिने ती आणि मी एकाच खोलीत काम करत होतो, पण छत्तिसाचा आकडा कसा असतो हे तेव्हा मला कळलं. मुळांची टोकं ती स्वतः कापू लागली. तिला एक शेवटची परीक्षा घ्यायची होती. पिवळ्या माराकुजाचा डीएनए हिरवा चमकेल अशा रंगाने रंगवायचा आणि त्या वेलीच्या गुणसूत्रांवर सोडायचा. सगळं कूळ रानटी असेल तर काहीच धड चमकणार नाही. बाटलीतून आलेली वेल असती तरी तसंच, कारण बाटली आहे तेच दुप्पट करते, परकं काही आणत नाही.

पण या परीक्षेला स्लाइड अगदी स्वच्छ लागते. तिच्या चार फुकट गेल्या. पाचव्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"अंगठा लागेल," ती म्हणाली. माझ्याकडे न बघताच.

मी स्लाइड केली. अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं दाटीवाटीने उभे होतो. जुरेमाने दिवा बदलला. अठरा गुणसूत्रं हिरवी उजळली, अठरा निळीच राहिली. ती मोठ्याने मोजत होती, मी मनात मोजत होते, आणि प्रोफेसर मोजत नव्हते. ते म्हणाले, "निम्मी पिवळ्याची आहेत."

म्हणजे म्हातारीच्या नवऱ्याच्या मळ्यातला पिवळा माराकुजा आणि कुंपणाबाहेरचा रानटी, यांच्यात कधीतरी भुंग्यांनी परागकण नेले होते. त्यातून निघालेल्या रोपाने पुढे आपला संच स्वतःच दुप्पट करून घेतला. मळा मेला. त्याची निम्मी गुणसूत्रं उंबूच्या झाडावर जिवंत राहिली. आमच्यापैकी कुणाच्याही किल्लीचा त्यात हात नव्हता.

"प्रोफेसर," जुरेमा म्हणाली, "तुम्हाला स्वतः मोजायचे असतील तर बसा."

"नको," ते म्हणाले. "तू मोजलेस ना."

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत त्यांनी एक गोष्ट केली, ती मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एकाने विचारलं, की हे लॅबमध्ये घडवलेलं रोप नाही याची खात्री काय? प्रोफेसर उभे राहिले आणि म्हणाले, "ही शंका तुमच्या आधी मला आली होती. मी हिला न सांगता हिची वही चाळली, हिच्या माघारी जाऊन तो बुंधा पाहिला आणि लॅबमधलं विष नोंद न करता वापरलं. नोंद आता केली आहे. खात्री हिने केली, मी नव्हे." त्या खोलीत जुरेमाची आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

निकालानंतर बी आणायला आम्ही तिघं एकत्र दोना लिंदाउराकडे गेलो. जुरेमा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि रस्ताभर त्याच्याशीच बोलली. म्हातारीने आम्हाला पाहून कपाळाला हात लावला.

"तिघं तीनदा आलात, एकत्र आज पहिल्यांदा. एकदाच आला असता तर पेट्रोल वाचलं नसतं का?"

"चुकलंच," प्रोफेसर म्हणाले.

"आणि हे फळ खायचं की नाही ते आधी सांगा. नऊ वर्षं मी याचा रस पिते आहे. ते छत्तीस का काय ते पोटात गेलं तर?"

जुरेमा हसली. मी तिला बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं. "तुमच्या पोटात गेलं तर त्यांचंच काही खरं नाही, दोना लिंदाउरा."

फळं उंच होती. जुरेमा शिडीवर चढली, मी खाली शिडी धरली. ती एकेक फळ तोडून माझ्या हातात देत होती. मग वरूनच म्हणाली, "दोना व्हाल, ऑगस्टपासून मी रेसिफेला जाते आहे. तिकडच्या लॅबमध्ये जागा मिळाली."

"कळलं मला."

"तिकडे स्लाइड मशीनने करतात म्हणे."

"पेशी फुटतील," मी म्हटलं.

"फुटल्या तर फोन करीन."

त्या बियांची रोपं आता आमच्या हरितगृहात आहेत, पाटी जुरेमाच्या पूर्ण नावाची, दोना लिंदाउराच्याही. कोल्चिसीनच्या कपाटाची एकच किल्ली ठेवली आहे, माझ्याकडे. आणि रेसिफेहून फोन येतो, महिन्या-दोन महिन्यांनी. कामाचंच बोलते ती. मुळं किती वेळ भिजवायची, थंडीत किती. मी सांगते. मग दोघी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतो, आणि ती म्हणते, "बरं, ठेवते."